ग्लँडचा पाव फेरा

आमच्या गॅलरीत एक वस्तू पडून आहे आणि बायको तिच्यावर पायपुसणी वाळत घालते. पांढऱ्या पीव्हीसी पाइपांची चौकट, तिच्यात तीन लहान मोटरी, मधोमध हातभर लांबीची पारदर्शक नळी, आणि शेजारी वेटोळं करून ठेवलेली दीडशे फूट केबल. बोळिंजच्या वन बीएचकेत गॅलरी ती केवढी, आणि त्यात हे. "अहो, भंगारात तरी द्या हिला, नाहीतर देव्हाऱ्यात तरी बसवा," असं बायको महिन्यातून एकदा म्हणते. मी हो म्हणतो, उचलायला जातो, कंबर धरते, परत ठेवतो. खरं म्हणजे कंबरेचं निमित्त आहे. मला तिच्याकडे बघवत नाही, आणि ती टाकवतही नाही.

ही पाण्याखाली चालणारी गाडी. घरी केलेली. खोल पाण्यात सोडायची, केबलने वरून चालवायची, आणि खाली तिचा कॅमेरा जे बघेल ते आपण काठावर बसून पडद्यावर बघायचं. मी इंजिनिअर वगैरे नाही. मी पंपांचा फिटर. सातिवलीतल्या एका गाळ्यात एकतीस वर्षं पंप उघडतोय आणि लावतोय.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पंपाचा फिरता दांडा जिथून आत जातो तिथे दोरीचे वेढे ठासून भरतात आणि वरून नट आवळतात. त्याला ग्लँड म्हणतात. नवशिका ती करकचून आवळतो, पाणी बंद झालं म्हणून खूश होतो, आणि थोड्या वेळात दांडा तापून बसतो. ग्लँडमधून थेंब पडायलाच हवा, त्या थेंबानेच ती गार राहते. म्हणून आम्ही नट पूर्ण आवळतो आणि मग पाव फेरा मागे घेतो. एवढी वर्षं झाली, आता मी डोक्याला विचारत नाही, हात आपला आपण घेतो. या पाव फेऱ्याने पुढे माझा घात केला.

माझा दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचं गाव खाडीकाठचं, घरची भातशेती. बांध फुटून खारं पाणी आत यायला लागलं तशी दादाने शेती सोडली आणि कामणच्या बाजूला एका बंद दगडखाणीवर पंप चालवायला लागला. खाण पाण्याने भरलेली. ड्रमांचा तराफा, तराफ्यावर पंप, त्या पाण्यावर टँकर भरायचे आणि बांधकामांवर जायचे. खाण किती खोल, ते विचारलं तर दादा म्हणायचा, "दगड टाक आनि घरी जा, उद्या आवाज येईल." असा माणूस.

चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी सकाळी टँकरवाला आला तेव्हा पंप चालू होता आणि दादा नव्हता. त्याची स्कूटरही नव्हती. अग्निशमनवाल्यांनी दोन दिवस शोधलं. पाणबुडे पन्नास फुटांपर्यंत गेले, त्याच्या खाली त्यांनी नुसते गळ फिरवले. एक जुनी ताडपत्री वर आली. त्यांच्यातला एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला की इतक्या थंड, खोल पाण्यात माणूस कपारीत अडकला तर वर येतोच असं नाही. मी त्याच्यावर खेकसलो. "स्कूटर कुठे आहे मग? स्कूटरपण कपारीत गेली का?" पोलिसांनी बेपत्ता म्हणून नोंद केली.

तेव्हापासून मी एकच धोशा लावला. दादा निघून गेलाय, स्कूटरवर बसून गेलाय, येईल. तो कंटाळला की म्हणायचाच ना, की एक दिवस सगळं सोडून जाईन. कोणी सांगितलं त्र्यंबकेश्वरला तसा माणूस दिसला, मी गेलो. कोणी म्हणालं पालघरला स्टेशनबाहेर बसतो, गेलो. पालघरचा तो माणूस निघाला तमिळ. परत आलो की वहिनीकडे जायचो आणि सांगायचो, "या वेळी नाही मिळाला, पण येईल." वहिनी चहा ठेवायची.

ती गावच्या घरीच राहते. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा लग्न होऊन आली. माझं नाक पुसलंय तिने, तरी मला 'भाऊजी' म्हणणार आणि 'तुम्ही' म्हणणार, आणि मी तिला 'तू'. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, सगळं होतं तसं. गावातल्या बायकांची मात्र पंचाईत व्हायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नाही? बोलवलं तर वाण द्यावं की नाही? एका वर्षी एकीने बोलवलं आणि तिच्यापर्यंत आल्यावर करंडा घेऊन आत निघून गेली, ती बाहेर आलीच नाही. हे मला माझ्या बायकोने सांगितलं. वहिनीने नाही. मी भडकलो, त्या बाईच्या घरी जाऊन तमाशा करणार होतो. बायको म्हणाली, "बसा खाली. तमाशा करून कुंकू खरं होतं का?" त्या वाक्याचा मला फार राग आला होता.

मग पुतणीचं लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखातला. मुलाकडचे समजूतदार, काही अडचण नाही. अडचण आली पत्रिकेची. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' झालं, मुलीचं नाव झालं, आणि पुढे वडिलांचं नाव. त्याच्या आधी काय? श्री. की कै.? छापखान्यातून नमुना आला त्यात तेवढी जागा कोरी ठेवलेली. पुतणी शहाणी पोरगी, म्हणाली, "काका, तुम्ही आणि आई ठरवा. मी कशालाही हो म्हणेन." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली.

मी म्हणालो, श्री. टाका. विषय संपला. वहिनीने नमुना हातात घेतला, त्या कोऱ्या जागेवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "भाऊजी, खाली बघता येईल काय? तलाला. तुमचं तर सगलं पान्याचंच काम."

मी म्हणालो, "येईल की." तोंडातून गेलं. नाही कसं म्हणणार होतो?

आता मी कोणाला न सांगितलेली गोष्ट लिहितो. तो शुक्रवारी गेला. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, दादा बोळिंजला माझ्याकडे आला होता. तराफ्यावरच्या पंपाची ग्लँड धो धो गळते, येऊन बघ म्हणाला. मी नुकताच कामावरून आलो होतो, पाय दुखत होते, बायको बाजारात गेली होती. मी म्हणालो, "रविवारी येतो रे. तीन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" तो म्हणाला, "बरं, मग पाना तरी दे." ग्लँड आवळायचा वाकडा पाना, मी स्वतः घडवलेला, मुठीला पिवळी टेप गुंडाळलेली. दिला. तो पाना घेऊन तो स्कूटरवरून गेला. शुक्रवारी मी खाणीवर पोचलो तेव्हा सगळे पाण्याकडे बघत होते आणि मी ग्लँड बघितली. थेंब थेंब पडत होता. बरोबर पडायला हवा तसा. म्हणजे कोणीतरी ती आवळली होती आणि पाव फेरा मागे घेतला होता. हा पाव फेरा दादाला मीच शिकवलेला. मी गप्प बसलो. काम आटोपून तो गेला असेल, पाना डिकीत असेल, असं स्वतःला सांगितलं आणि चार वर्षं तेच धरून बसलो. कारण दादा जर खाली असेल, तर तो माझ्या रविवारपायी खाली आहे.

म्हणजे गाडी बांधायला बसलो तो काही सापडू नये म्हणूनच. तळ दाखवायचा, रिकामा दाखवायचा, आणि श्री. छापायचं.

कामावरून आलो की सात ते नऊ गॅलरीत. बोटीत साचलेलं पाणी उपसायचे छोटे पंप असतात, त्यांच्या मोटरी काढल्या आणि पुढे पंखे लावले. मोटारगाडी मागे घेताना लागतो तो कॅमेरा आणि त्याचा पडदा घेतला, जोडीला एक दिवा. नळी ॲक्रिलिकची, दोन्ही टोकांना झाकणं आणि रबरी रिंगा. खोल पाण्यात खरं संकट असतं दाबाचं. दर तेहतीस फुटांना आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेएवढा दाब आणखी वाढतो. पहिली नळी गाळ्यावर हातपंपाने दाब देऊन तपासली तर फाटकन चिरली. दुसरी धरली. नळीत केबल शिरते तिथे एक छोटी ग्लँड, हिच्यात मात्र काही फिरत नाही, हिच्यातून एक थेंबही जाता कामा नये. ती आवळून तपासली, तपासून परत तपासली.

बाकी सगळ्याने जीव मेटाकुटीला आणला. सोसायटीच्या टाकीत सोडून बघावं म्हटलं तर सेक्रेटरी धावत आला. "पिण्याचं पाणी आहे हो ते! उद्या तुम्ही आंघोळीला उतराल!" मग गावच्या बावखलात सोडली. बावखल म्हणजे आमच्याकडची वाडीतली तळी. तिथे गाडी चालली छान, पण उजवीकडे जा म्हटलं की डावीकडे. तारा उलट्या जोडलेल्या. बायको काठावर बसून हसत होती. "तुमच्यावरच गेलीय अगदी." त्या दिवशी मीही हसलो. त्या सगळ्या महिन्यांत तेवढंच.

पहिल्या रविवारी खाणीवर गेलो. पंप केव्हाच बंद झालेला, तराफा तसाच बांधलेला, राखणदार दादाला ओळखणारा म्हणून त्याने अडवलं नाही. वहिनी म्हणाली, "मी पन येनार." तिला नको म्हणायची सोय नव्हती. रिक्षात मागे ती आणि गाडी, पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि माझ्या पायांत बॅटरी. केबल इतकी जड की तिच्याच वजनाने गाडी खाली ओढली गेली, धड वळेना. परत आलो. मग कोळ्यांच्या जाळ्याचे फ्लोट आणून केबलीला दर काही फुटांवर बांधले. दुसऱ्या रविवारी तळाला पोचली, पण पंख्यांनी गाळ उडवला आणि पडद्यावर नुसतं दूध. तासभर दूध बघितलं. मी मनात म्हणत होतो, चला, काही नाही, झालं. वहिनी म्हणाली, "पुढल्या रविवारी हलू उतरवा." ती रविवार म्हणाली की मी उगाच केबल गुंडाळायला लागायचो. चार वर्षं उशिरा का होईना, येतच होतो मी रविवारी.

तिसऱ्या रविवारी गाडी पाण्यात सोडायच्या आधी केबल थोडी पीळ खात होती म्हणून मी ती छोटी ग्लँड सोडली, केबल सरळ केली आणि ग्लँड परत आवळली. तराफ्यावर उकिडवं बसून, एकीकडे वहिनीशी बोलत. काय केलं ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

गाडी तराफ्याच्या बाजूने सरळ खाली सोडली. केबलीला दर दहा फुटांवर गाठ मारली होती, ती हाताला लागली की मोजायचं. चाळीस. पन्नास. इथवर पाणबुडे आलेले. पाणी हिरवं, मग काळपट, दिव्यात खडकाची भिंत आणि भिंतीवर सुरुंगाच्या भोकांचे उभे चर. साठ. सत्तरला एक पायरी लागली, दगड काढताना सोडतात तशी, खाटेएवढी रुंद. मी गाडी तिच्यावर आडवी फिरवली. पायरीवर गाळाचा पातळ थर, एक बाटली, दोरीचा तुकडा. आणि पिवळं काहीतरी.

मी मोटर बंद केली. गाडी आपली आपण थोडी पुढे सरकली. पाना होता. वाकडा, गंजलेला, मुठीला पिवळी टेप. टेपचं एक टोक सुटून पाण्यात हलत होतं. त्याच्या पलीकडे, पायरीला आत कपार होती तिच्या तोंडाशी, एक गमबूट आडवा. काळा. आत अजून काही होतं, दिव्याचा उजेड तिथवर नीट जात नव्हता. मी बटण दाबायला गेलो आणि पडदा फडफडला, तिरप्या रेघा आल्या, मग निळा झाला.

"काय झालं?" वहिनी म्हणाली.

"पाणी शिरलं आत."

गाडी वर ओढली. गाठी मोजायच्या राहिल्याच. नळी अर्धी भरलेली, कॅमेरा बुडालेला. मी ग्लँडला हात लावला. नट सैल होता. किती सैल ते मोजायची गरज नव्हती, हाताला कळलं. पाव फेरा. माझाच हात, माझीच खोड. का हाताला बघायचं नव्हतं पुढचं, कोण जाणे. मी तो सगळा सांगाडा तराफ्यावर आपटला आणि तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, वहिनीसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. मग रडलो. चार वर्षांत रडलो नव्हतो, कारण रडलो असतो तर तो गेला असं झालं असतं.

वहिनीने मला रडू दिलं. पदर नीट केला आणि म्हणाली, "तो पाना तुमचाच ना?"

मी मान हलवली.

"गुरुवारी घेऊन आलते. मना सांगितलं, रविवारी येतो म्हनतोय, दमलाय बिचारा, कशाला त्याला ओढू, मीच करतो सकाली."

"तुला ठाऊक होतं?"

"मना पयल्या दिवसापासून ठाव हाय. पंप चालू ठेवून ते कुठं जायचे नाय. स्कूटर चावी लावून ठेवायचे, नेली कोनीतरी."

"मग बोलली का नाहीस? चार वर्षं, वहिनी! ते कुंकू, त्या बायकांचं ते ..."

"तुम्ही यायचे नि म्हनायचे, येईल. त्र्यंबकला जायचे, कुठं कुठं जायचे. मी कपाल पुसून बसले असते तर तुम्ही काय केलं असतं? तुम्हाला सोसलं नसतं, भाऊजी. आनि मी सांगितलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, वहिनी रविवारचा दोष देते. म्हनून म्हटलं, खाली बघा. तुमच्या डोल्यांनी बघा. आता पोरीचं लगीन हाय, मना पन आता थकायला झालंय."

पुढे पोलीस आले, मोठं सामान घेऊन पाणबुडे आले, कपारीतलं वर आलं. ते मी लिहीत नाही. पुतणीचं लग्न वैशाखातच झालं. पत्रिकेत मी माझ्या हाताने कै. लिहून दिलं, आणि कन्यादानाला मी आणि बायको बसलो.

पण त्या रविवारी, सगळं बोलून झाल्यावर, वहिनी उठली. मला वाटलं निघायचं म्हणून उठली. मी केबल गुंडाळायला घेतली. ती तराफ्याच्या कडेला जाऊन गुडघ्यावर बसली, जिथे दादा बसला असेल साधारण तिथेच, आणि वाकली. मी घाबरून "वहिनी!" म्हणून ओरडलो. तिने नुसती ओंजळ भरली आणि कपाळ धुतलं. दोनदा धुतलं. मग पदराने चेहरा टिपत माझ्याकडे वळली. माझ्यासाठी चार वर्षं लावलेलं कुंकू तेवढ्यात गेलं होतं.

"पानी लय गार हाय," ती म्हणाली.